खेळ हाही उपचारच : लहान मुलांच्या वाढीत खेळाचे स्थान

वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसंख्या आणि नव्या यंत्रसामग्रीची माहिती असते. ती वाचण्याची आपणांस सवय आहे आणि ती तयार करण्याची मला. यंदा मात्र विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने एका वेगळ्या विषयावर लिहीत आहे. मी वैद्यकशास्त्र शिकलेला नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि माझी बहुतेक वर्षे हिशेबाच्या वह्यांत गेली. पुढील विवेचनात जे वैद्यकीय आहे ते आपल्या बालरोग विभागातील डॉक्टरांनी मला समजावून सांगितलेले आहे. मांडणीत काही उणे राहिले असल्यास तो दोष माझा समजावा.

एका खोडलेल्या नोंदीची हकीकत

काही वर्षांपूर्वी बालरोग कक्षाकडून खरेदीची एक यादी माझ्याकडे मंजुरीसाठी आली. सलाईनचे संच, वजनकाटा, चादरी, दुधाची भुकटी अशा नोंदींच्या शेवटी ‘खेळणी’ अशी एक नोंद होती. रक्कम किरकोळ होती. तरीही मी ती लाल शाईने खोडली आणि समासात शेरा लिहिला, ‘रुग्णोपचाराशी संबंध नाही.’ देणगीदारांच्या पैशाचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसास ते कर्तव्यच वाटले.

दुसऱ्या दिवशी कक्षाच्या डॉक्टर मॅडम माझ्या खोलीत आल्या. त्यांनी वाद घातला नाही. “पाच मिनिटे कक्षात चला,” एवढेच म्हणाल्या.

खिडकीजवळच्या खाटेवर अडीच वर्षांची एक मुलगी होती. तीव्र कुपोषण आणि जुलाब यांमुळे ती दाखल झाली होती. जुलाब थांबले होते, ताप उतरला होता, वजन वाढीस लागले होते. केसपेपरवरील सारे आकडे सुधारणा दाखवीत होते आणि मला तेवढे पुरेसे वाटले. मुलगी मात्र भिंतीकडे तोंड करून पडली होती. मॅडमनी वाटीवर चमचा वाजवला, तरी तिने मान वळवली नाही. शेजारी बसलेली आई कौतुकाने म्हणाली, “लई गुणाची हाय, साहेब. बसवलं तिथंच बसती, कसला तरास न्हाई.”

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, “आईला जो गुण वाटतो ना, तेच आजाराचे लक्षण आहे. हे मूल खेळायला लागेपर्यंत ते बरे झाले असे मी म्हणणार नाही.” नंतर त्यांनी मला एक छापील तक्ता दाखवला. तीव्र कुपोषित बालकांच्या रुग्णालयीन उपचारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने दहा पायऱ्या सांगितल्या आहेत. रक्तातील साखर उतरू न देणे, अंग उबदार ठेवणे, शरीरातील पाणी व क्षार यांचे संतुलन, जंतुसंसर्गावर औषध, सूक्ष्म पोषकद्रव्ये, सावकाश सुरू करावयाचा आहार आणि नंतर वजन भरून काढणारा आहार अशा पहिल्या आठ पायऱ्या आहेत. नववी पायरी आहे ती बालकाच्या ज्ञानेंद्रियांना चालना देण्याची, त्यास मायेचा आधार देण्याची आणि खेळ देण्याची. रोज पंधरा ते तीस मिनिटे ठरवून खेळ घ्यावा, असे त्यात सांगितले आहे आणि घरच्या घरी कोणती खेळणी करता येतात याचीही माहिती आहे. आपल्या देशातील पोषण पुनर्वसन केंद्रांसाठी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांतही या भागाचा समावेश आहे.

ज्या खर्चाचा रुग्णोपचाराशी संबंध नाही असा मी शेरा मारला होता, तो उपचाराच्याच तक्त्यात छापलेला होता. खोडलेली नोंद मी त्याच दिवशी स्वहस्ते पुन्हा लिहिली. तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचत व विचारीत आलो. त्याचे सार पुढे देत आहे.

अशक्त मूल खेळणे का सोडते?

पुरेसे अन्न मिळाले नाही की शरीर काटकसर करू लागते. हृदय, श्वास आणि शरीराची ऊब यांवरील खर्च थांबवता येत नाही. म्हणून जो खर्च तातडीचा नाही तो आधी कमी होतो. अडचणीतील पेढी जाहिरात व दुरुस्ती आधी थांबवते, तसाच हा प्रकार आहे. लहान मुलाच्या बाबतीत धावणे, धडपडणे, वस्तू उचलून पाहणे आणि हसून प्रतिसाद देणे हे आधी कमी होते. मूल शांत होते.

अडचण अशी की शांत मुलाशी मोठी माणसेही कमी बोलतात. जे मूल हाका मारते, पदर ओढते, वस्तू पाडते, त्याच्याकडे दिवसातून शंभर वेळा लक्ष जाते. जे एका जागी बसून राहते त्याच्याकडे कामाच्या रगाड्यात पाहणे होत नाही. बोलणे कमी झाले म्हणजे शिकणे कमी होते, शिकणे कमी झाले म्हणजे कुतूहल आणखी मंदावते. हे चक्र एकदा सुरू झाले की केवळ अन्न देऊन ते थांबत नाही. वजन वाढते, पण मागे पडलेली भाषा, समज आणि हातांचे कौशल्य आपोआप भरून येत नाही. म्हणूनच आहार आणि खेळ हे दोन्ही एकाच वेळी द्यावे लागतात.

खेळताना मूल नेमके काय शिकते?

आठ-नऊ महिन्यांचे मूल पाळण्यातून वाटी खाली टाकते. आपण उचलून देतो, ते पुन्हा टाकते. आपणांस तो खोडकरपणा वाटतो. वास्तविक ते मूल एक प्रयोग करीत असते. सोडलेली वस्तू खालीच जाते का, दर वेळी आवाज होतो का, आणि आई पुन्हा उचलून देईल का, या तीन प्रश्नांची उत्तरे ते एकाच खेळातून मिळवते. पदराआड तोंड लपवून ‘बुवा कुक’ केले की दिसेनाशी झालेली व्यक्ती नाहीशी होत नाही, ती परत येते, हे त्यास कळते. आईवाचून थोडा वेळ धीर धरण्याची शिकवणही त्यात आहे.

दोन-अडीच वर्षांचे मूल रिकामा डबा कानास लावून फोनवर बोलते. पुढे भातुकली मांडते. खडा म्हणजे लाडू आणि पान म्हणजे पोळी, असे एका वस्तूने दुसरीचे काम भागवण्याची ही क्षमता फार मोलाची आहे, कारण पुढे ‘क’ हे अक्षर म्हणजे एक ध्वनी आणि ‘५’ हा आकडा म्हणजे पाच वस्तू, हे समजणे याच क्षमतेवर उभे राहते. भातुकलीत कोण आई, कोण पाहुणा, आधी कोणाला वाढायचे, हे मुले आपसांत ठरवतात. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, रुसवा काढणे, नियम मान्य करणे या गोष्टी उपदेशाने साधत नाहीत, त्या तेथे साधतात. थोड्या मोठ्या वयात गजगे झेलताना नजर आणि हात यांचा मेळ बसतो व मोजणी पक्की होते. लगोरी व ठिकरी यांमुळे तोल, नेम आणि अंदाज येतो.

मेंदूच्या वाढीचा बहुतांश भाग सहा वर्षांच्या आत पूर्ण होतो, हे आता सर्वमान्य आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हे प्रमाण ८५ टक्क्यांहून अधिक असल्याचे नमूद केले आहे आणि त्याच आधारावर तीन ते आठ या वयाचे शिक्षण खेळाधारित असावे असे म्हटले आहे. तीन वर्षांखालील बालकांसाठी केंद्र शासनाने २०२४ साली ‘नवचेतना’ हा आराखडा आणला, त्यातही घरातील खेळ आणि संवाद यांवरच भर आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली आपल्या सभासदांना असा सल्ला दिला की, तपासणीस आलेल्या लहान मुलाच्या पालकांना औषधाप्रमाणे खेळही लिहून द्यावा.

एक वीस वर्षांचा हिशेब

माझ्यासारख्याचे समाधान आकड्यांशिवाय होत नाही. डॉक्टर मॅडमनी जमैका या बेटावरील एका अभ्यासाची माहिती दिली, ती येथे देण्यासारखी आहे. किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांत १९८०च्या दशकात वयाच्या मानाने उंची खुंटलेली १२९ बालके निवडण्यात आली. त्यांचे वय नऊ ते चोवीस महिने होते. त्यांचे चार गट केले. एका गटास दर आठवड्यास एक किलो दुधाची पोषक भुकटी दिली. दुसऱ्या गटाच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जात असे आणि मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईस करून दाखवीत असे. खेळणी घरगुती वस्तूंपासून बनवलेली होती. ती घरी ठेवून पुढील भेटीत बदलली जात. तिसऱ्या गटास दूध आणि खेळ दोन्ही मिळाले. चौथ्या गटास यांपैकी काही नव्हते. हा क्रम दोन वर्षे चालला.

१९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दूध आणि खेळ या दोहोंचा उपयोग झाला होता आणि दोन्ही मिळालेली बालके सर्वांत पुढे होती. संशोधकांनी ही मुले मोठी होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. पुढे दुधाचा परिणाम बुद्धीच्या चाचण्यांत दिसेनासा झाला. खेळाचा परिणाम मात्र टिकला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, खेळ मिळालेल्या गटातील तरुणांची कमाई वीस वर्षांनंतर तो न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक होती.

यावरून दुधाची गरज नाही असे कोणी समजू नये. भुकेल्या मुलास प्रथम अन्नच हवे. परंतु आठवड्यातील एक तास आणि टाकाऊ वस्तूंची खेळणी यांवरील खर्च दोन दशकांनंतरही परतावा देत राहिला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मी त्यास किरकोळ खर्चाच्या शीर्षाखाली टाकले होते. तो वास्तविक भांडवली गुंतवणुकीत धरावयास हवा होता, आणि अशी गुंतवणूक की जिच्यावर घसारा लागत नाही.

आपल्या महाराष्ट्राची पुण्याई

हा विचार परदेशातून आलेला आहे असे वाचकांस वाटू नये. गरिबाच्या अंगणातील खेळास शिक्षणाचे स्थान देण्याचे मोठे कार्य महाराष्ट्रातच झाले. ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या समवेत बालशिक्षणाचे प्रयोग केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली दादर येथे शिशुविहार सुरू झाले. मॉन्टेसरी पद्धतीचा त्यांचा अभ्यास सखोल होता. परंतु त्या पद्धतीची साधने महाग होती आणि खेड्यातील मुलास ती कधीच मिळाली नसती. म्हणून १९४५ साली त्यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. तेथे त्यांना अनुताई वाघ यांच्यासारखी सहकारी लाभली.

वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीत नेण्यात आली. घरापुढील अंगणात ती भरू लागली, म्हणून तिला ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. शिंपले, खडे, बिया, पाने, माती, काड्या हीच तेथील शैक्षणिक साधने होती. मुलांची स्वच्छता, खाऊ, गाणी आणि खेळ हे सारे एकाच ठिकाणी चाले. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवण्याचा प्रयोगही तेथे झाला. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशाच्या प्रत्येक राज्यात हा शब्द चालतो.

आपल्या परिसरास यातून घेण्यासारखा बोध असा की, साधनांची गरिबी खेळाच्या आड येत नाही. आड येते ती मोठ्या माणसांची सवड आणि ‘खेळ म्हणजे वेळ वाया’ ही समजूत.

भवानी पेठेतील घर आणि मूल

आपल्याकडे येणारी बहुसंख्य कुटुंबे यंत्रमाग आणि विडी या दोन व्यवसायांशी निगडित आहेत. वडील कारखान्यात पाळीवर असतात. आई घरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, म्हणून तिच्या हातांना उसंत नसते. अशा मातेस ‘मुलाबरोबर रोज खेळत बसा’ असे सांगणे मला प्रारंभी निर्दयपणाचे वाटले. ती शंका मी मॅडमना बोलून दाखविली. त्यांचे उत्तर असे होते : “तिचे हात गुंतलेले असतात, तोंड नाही.” विडी वळताना गाणे म्हणता येते, मुलाने दाखविलेल्या वस्तूचे नाव सांगता येते, ‘दोन पाने मोजून दे’ असे म्हणता येते. घरात तेलुगू असो, कन्नड असो, उर्दू असो वा मराठी, आईने आपल्या भाषेतच बोलावे. मुलाच्या बुद्धीस आधी घरच्या भाषेचाच आधार लागतो.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. तंबाखूचे सूप आणि तंबाखूची पिशवी रांगत्या मुलाच्या हाताशी असू नये. लहान मुलास तंबाखू पोटात जाणे विषबाधेसारखे घातक ठरू शकते. मुलाची खेळायची जागा सुपापासून दूर, पण आईच्या नजरेच्या टप्प्यात असावी. दुपारच्या वेळी आजी, अव्वा, मोठी बहीण किंवा पाळीवरून परतलेले वडील यांनी अर्धा तास दिला तरी पुष्कळ होते. मुलाशी खेळणे हे केवळ आईचे काम आहे, ही समजूतही सोडावयास हवी.

वयानुसार खेळ

पालकांच्या सोयीसाठी कक्षात जो तक्ता लावला आहे, त्यातील मुख्य गोष्टी अशा आहेत.

जन्म ते सहा महिने : बाळाच्या डोळ्यांत पाहून हसणे, बोलणे आणि त्याने काढलेल्या आवाजास तसाच आवाज काढून उत्तर देणे. रंगीत वस्तू सावकाश फिरवून दाखविणे. जागे असताना, जवळ बसून, थोडा वेळ पालथे ठेवणे.

सहा ते बारा महिने : स्वच्छ वाट्या, चमचे, डबे हाताळावयास देणे. त्या आपटू द्याव्यात, टाकू द्याव्यात. रुमालाखाली वस्तू लपवून शोधावयास लावणे.

एक ते दोन वर्षे : डब्यात वस्तू भरणे व काढणे, एकावर एक रचणे, दोरी बांधलेला डबा ओढीत चालणे. नाक, कान, डोळे यांची नावे विचारणे.

दोन ते चार वर्षे : चिंध्यांची बाहुली, भातुकली, खडूने फरशीवर रेघोट्या, माती व पाणी, धावणे, उड्या, गोष्टी.

चार ते सहा वर्षे : नियम असलेले सोपे खेळ, कोडी, वस्तूंचे गट लावणे, सोबत्यांसह अंगणातील खेळ.

सुताच्या रिकाम्या कांड्या आणि शिवणकामाची रिकामी रिळे दोरीत ओवली की तान्ह्या बाळासाठी माळ तयार होते. करवंटीचा ढोल होतो. पारदर्शक बाटलीत खडे भरून झाकण घट्ट बंद केले की खुळखुळा होतो. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेतून घेतलेली लाकडी बैलगाडी मुलास आनंद देतेच, पण वर्षाचे उरलेले दिवस घरातील पसाराच त्याचे खेळणे असतो.

तीन वर्षांखालील मुलाच्या तोंडात पूर्ण मावेल अशी कोणतीही वस्तू त्याच्या हाती देऊ नये. चिंचोके, मणी, गोट्या, गजगे आणि शेंगदाणे श्वासनलिकेत अडकून जीव गेल्याची उदाहरणे वैद्यकास परिचित आहेत. खेळण्यांतील बटनासारखा चपटा सेल गिळला गेल्यास अन्ननलिका काही तासांतच भाजते, म्हणून लक्षणांची वाट न पाहता मुलास तत्काळ रुग्णालयात आणावे.

मोबाईलविषयी पालक नेहमी विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलास पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाची मर्यादा एक तासाची असावी. तो वेळ याहून कमी असल्यास अधिक चांगले. एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचालीत घालवावीत असेही त्यात म्हटले आहे. मोबाईल मुलास शांत ठेवतो हे खरे, परंतु शांत मूल म्हणजे निरोगी मूल नव्हे, हे आपण वर पाहिले.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

खेळ हा मुलाच्या प्रकृतीचा आरसाही आहे. तीन महिन्यांपर्यंत बाळ ओळखीचे हसत नसेल, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल किंवा हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नसेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, किंवा पूर्वी येत असलेला खेळ वा बोलणे विसरले असेल, तर ‘पुढे होईल आपोआप’ असे म्हणत थांबू नये. बहिरेपणा, दृष्टिदोष, स्वमग्नता यांसारख्या अवस्था जितक्या लवकर ध्यानात येतील तितका उपचारांचा लाभ अधिक होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याअंतर्गत अंगणवाडी व शाळेतील मुलांची तपासणी विनामूल्य होते. त्या तपासणीस मुलास अवश्य हजर ठेवावे.

आजारी मुलाचा खेळ

रुग्णालय ही मुलाच्या दृष्टीने भयाची जागा आहे. अनोळखी माणसे, सुया, रात्रीचा उजेड, दुसऱ्या मुलांचे रडणे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांत आईवडिलांना मुलास भेटण्याचीही फारशी मुभा नसे. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रण करून तिचे दुःख वैद्यकांपुढे मांडले आणि १९५९ साली तेथील शासकीय समितीने पालकांना सोबत राहू देण्याची व मुलांच्या खेळाची सोय करण्याची शिफारस केली. आपल्याकडे आई मुलाच्या खाटेवरच असते, हे आपल्या पद्धतीचे बलस्थान आहे. त्यास खेळाची जोड दिली की पुरे.

आपल्या कक्षात आता एक लहान कोपरा आहे. तेथे चटई, ठोकळे, डबे, बाहुल्या आणि चित्रांची पुस्तके आहेत. इंजेक्शनपूर्वी मुलास सुई नसलेली सिरिंज हाताळू देतात व बाहुलीस ‘औषध’ द्यावयास लावतात. पुढे काय होणार हे कळल्याने भय कमी होते. खेळणी निवडताना एक पथ्य पाळावे लागते. जुलाब व सर्दी यांचे जंतू खेळण्यांवरून एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणून साबणाने धुऊन निर्जंतुक करता येतील अशीच खेळणी ठेवतो. केसाळ अस्वले आणि भुसा भरलेले प्राणी आम्ही नम्रपणे परत करतो, याबद्दल काही दात्यांची नाराजी झाली असल्यास क्षमस्व. कक्षातील चिंध्यांच्या बाहुल्या त्या-त्या मुलाच्या आईनेच केलेल्या असतात आणि घरी जाताना त्याच्यासोबत जातात.

ज्या मुलीमुळे हे सारे सुरू झाले तिच्याविषयी सांगावयाचे राहिले. तिच्यासाठी सिस्टरनी रिकाम्या रिळांची माळ केली आणि आईस रोज दोन वेळा तिच्यापुढे हलवावयास सांगितले. प्रथम आई संकोचली. “खेळत बसलं तर औषध कवा लागू पडायचं?” असा तिचा प्रश्न होता. तीन-चार दिवस मुलगी केवळ पाहत राहिली. नंतर एका सकाळी तिने माळ आईच्या हातातून ओढून घेतली आणि खाली टाकली. आईने उचलून दिली, तिने पुन्हा टाकली. मी कक्षात फेरी मारीत असता आईच तक्रारीच्या सुरात म्हणाली, “आता लई तरास द्यायली, साहेब.” मॅडमनी त्या दिवशी केसपेपरवर वजनाच्या शेजारी ‘खेळते’ असे एकच शब्द लिहिले.

नम्र आवाहन

आपल्या सहकार्यामुळे औषधे, खाटा आणि यंत्रे यांची सोय होत आली आहे. खेळाच्या कोपऱ्यास मोठ्या घसरगुंडीची अथवा सेलवर चालणाऱ्या महागड्या खेळण्यांची गरज नाही. गरज आहे ती माणसाची. बालवाडीचे प्रशिक्षण घेतलेली एक ताई रोज काही तास कक्षात असावी, तिने मुलांशी खेळावे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मातांना खेळ शिकवून घरी पाठवावे, अशी बालरोग विभागाची मागणी आहे. मूल आपल्याकडे थोडे दिवस राहते आणि घरी अनेक वर्षे. तिच्या मानधनाची तरतूद नियमित स्वरूपाची हवी, एकदाच्या देणगीवर ती होत नाही. येत्या अंदाजपत्रकात या कामासाठी स्वतंत्र शीर्ष उघडण्याची विनंती मी विश्वस्त मंडळास या लेखाद्वारे करीत आहे. ज्या दात्यांना यात सहभागी व्हावेसे वाटेल त्यांनी कार्यालयात संपर्क साधावा. ज्यांना रक्कम देणे शक्य नाही त्यांनी सुताच्या स्वच्छ कांड्या, धुतलेल्या चिंध्या आणि झाकणाचे रिकामे डबे आणून दिले तरी त्यांचे स्वागत आहे.

पालकांना एवढीच विनंती की, मुलास घरी नेताना औषधांच्या वेळा विचारता तसा कोणता खेळ घ्यावा हेही विचारावे. तेही आता डिस्चार्जच्या कागदावर लिहून मिळते.

– प्रशासकीय अधिकारी